ठकूचे हात

शिंपीआजोबा नातीला न्यायला आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत तिच्यासाठी शिवलेले चार फ्रॉक होते आणि मनात एकच धास्ती होती, पोर आपल्याला ओळखेल का?

लेक गेली त्याच आठवड्यात ते जिन्यावरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. जावयाचा तर कधीपासून ठावठिकाणा नव्हता. म्हणून पाच वर्षांच्या ठकूला बालकल्याण कार्यालयाने सात महिने एका प्रतिपालक कुटुंबात ठेवलं होतं, म्हणजे परक्याच घरी. ठकूला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आजोबांना आठवत होतं ते कोपऱ्यात बसून चिंध्यांशी खेळणारं एक मुकं, शहाणं पोर.

कार्यालयातल्या मॅडम सोबत होत्या. दार उघडलं घरच्या बाईंनी. त्या बेकरीत कामाला होत्या. आत ठकू स्टुलावर उभी होती आणि तिचे दोन्ही हात हवेत नुसते भिरभिरत होते. समोर बाईंचा नवरा पोट धरून हसत होता आणि मधूनच हातांनी तिला उत्तर देत होता.

"काय करतेय ती?"

"गोष्ट सांगतेय. म्हणे मांजरीने ह्यांच्या बुटात पिल्लं घातली. एक नंबरची थापाडी आहे हो तुमची नात!"

"हिला बोलता येतं?"

"आम्हालाच येत नव्हतं. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी खुणांच्या भाषेची शिकवणी लावली. तिलाही घेऊन जायचो."

आजोबांनी हातातली पिशवी खाली ठेवली. एवढं सगळं या पोरीच्या आत होतं?

तेवढ्यात ठकूने त्यांना पाहिलं. धावत येऊन कमरेला मिठी मारली आणि भराभर हात हलवले. आजोबांना काही कळेना. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं.

"पाय अजून दुखतो का, विचारतेय," बाई म्हणाल्या.

मॅडमनी फाईल उघडली. "नात्यातलं माणूस सांभाळायला तयार असेल तर आम्ही आधी त्याचा विचार करतो. आजच न्या. किंवा ती इथे राहील, तुम्ही भेटायला येत जा."

"मधलं काही नाही का? घरी नेऊन ही बोलणार कुणाशी, भिंतीशी? मला आधी शिकू द्या."

"या वयात, आजोबा?"

"डोळे दगा देतात हो मॅडम. बोटं अजून नाहीत देत."

तीन महिने ते रोज दुपारी दुकान बंद करून त्या घरी येत राहिले. पहिल्याच दिवशी पाणी मागायला गेले आणि म्हैस मागून बसले. ठकू हसून हसून जमिनीवर लोळली.

चौथ्या महिन्यात ती त्यांच्याकडे राहायला आली. सुट्टीच्या दिवशी बेकरीवाल्या बाई आणि त्यांचा नवरा येऊन जाऊन असत.

एका सकाळी आजोबा मशीनवर बसले होते. ठकू समोर आली, त्यांचा हात उचलून तिने आपल्या गळ्यावर ठेवला आणि मग सांगू लागली. आई असा माझा हात तिच्या गळ्यावर ठेवायची. आत गुणगुण व्हायची. आई गायची.

आपली लेक गात होती, हे आजोबांना ठाऊकच नव्हतं.

त्यांनी मशीन थांबवलं. हातांनीच म्हणाले, पुन्हा सांग.

ठकूने पुन्हा सांगितलं.