दाराबाहेरचं ध्रुपद

कीर्तनाला जागा संपत नाही, हे मुकुंदरावांना लहानपणापासून ठाऊक होतं. मांडव भरला की कुणीतरी म्हणतं, "सरकून घ्या हो." बायका लुगडी आवरून घेतात, मांड्या जवळ येतात आणि कुठून कोण जाणे, आणखी चार माणसांपुरती सतरंजी मोकळी होते. पण सिव्हिल लाइन्समधल्या त्या सभागृहाच्या खुर्च्या जमिनीला बोल्टनं आवळलेल्या होत्या. त्या काही सरकत नव्हत्या.

आणि नेमकं त्या खुर्च्या वाटायचं काम मुकुंदरावांकडे आलं होतं. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन बेसाला घर बांधलेला, देवळात टाळ वाजवणारा हा माणूस आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन चित्रपट महोत्सवाच्या तिकीट-टेबलावर बसला, त्याला कारण त्यांची मुलगी रितिका. तिची नऊ मिनिटांची फिल्म स्पर्धेत होती. घरी बसून काळजी करण्यापेक्षा तिथं बसून केलेली बरी, म्हणून त्यांनी स्वयंसेवकांत नाव दिलं.

फिल्मचं नाव 'सरकून घ्या'. एक म्हातारी कीर्तनाला बसलेली असते. कुणी आलं की ती सरकते. आधी शेजारीण येते, मग शेळी, मग कोळशाचा ट्रक. शेवटी कोराडीच्या वीज केंद्राची उंच चिमणी मान वाकवून मांडवात शिरते आणि म्हातारीला लागून मांडी घालते. मागून कीर्तन चालतं ते कोराडीच्या कॉलनीतल्या देवळातल्या भैय्याजी महाराजांचं. ध्रुपदही त्यांनीच रचलेलं: 'जागा द्या हो, जागा द्या, देव उभा मागं.'

पहिल्या येणाऱ्या फिल्मच्या दिग्दर्शकाला पोर्तुगालच्या एका स्टुडिओत वर्षभर राहून नवी फिल्म करायला मिळणार होती. रितिका मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत मोबाइलच्या खेळातली नाणी फिरवत बसायची. दिवसभर नाणीच नाणी. त्यामुळे हे वर्ष तिला किती हवं होतं, ते तिनं सांगायची गरजच नव्हती.

तिकीट फुकट होतं, पण मोबाइलवर आधी जागा धरावी लागे. दारात चौकोनी खूण मशीनला दाखवली की आत. शो सुरू व्हायच्या जरा आधी, जे आले नाहीत त्यांच्या जागा बाहेरच्या रांगेला द्यायच्या, आणि पडदा उजळला की दार बंद. मग कुणीही असो.

रितिकाच्या शोचा दिवस शनिवारचा. ज्युरीची तिन्ही माणसं लोकांसोबतच फिल्म पाहत. मधल्या ओळीत ती येऊन बसली. त्यांच्या अध्यक्षा कात्रिनबाई एस्टोनियाच्या. पांढरे आखूड केस, पायात कॅनव्हासचे बूट. मोबाइलवर शो हाऊसफुल्ल दिसत होता आणि आत अर्धं सभागृह रिकामं. कारण ते अर्धं सभागृह मुकुंदरावांच्या बायकोनं, प्रमोदिनीबाईंनी, कोराडीच्या सगळ्या कीर्तन मंडळासाठी धरून ठेवलं होतं. मंडळाला आणायला त्या सकाळीच कोराडीला गेल्या होत्या.

मुकुंदरावांनी फोन लावला. "कुठी पोचल्या तुमी?"

"बसमधी हाओ. निंगालो ना आता."

"आता? अवं, तीनचा शो हाय!"

"मंग? तीनचा म्हणजे साडेतीनले रंगते. आधी नमन होईन, चार लोकं येतीन, बसतीन..."

"इथं नमन नाही राहत!"

"नमनच नाही?" पलीकडे प्रमोदिनीबाईंना खरंच वाईट वाटलं. "असा कसा गा कारेक्रम?"

रांगेत आर्ट कॉलेजची पोरं ताटकळत होती. दारावरचा चंद्रभान मान वळवून पाहत होता. "काकाजी, का करू? घेऊ का लाइनले आत?"

मुकुंदराव क्षणभर अडले. ज्यांचा आवाज त्या फिल्ममध्ये आहे तीच माणसं बाहेर राहणार होती. पण येणाऱ्याला उभं ठेवून रिकामी जागा अडवणं, हे त्यांना भैय्याजींच्या मांडवातही कधी चाललं नसतं.

"घे," ते म्हणाले.

पडदा उजळला, दार बंद झालं आणि थोड्याच वेळात बस लागली. नऊवारीतल्या, पातळातल्या बायका, टोप्या घातलेले बाप्ये, हातात टाळ. कार्यक्रम म्हटला की टाळ बरोबर येतातच. सगळ्यांत मागून भैय्याजी महाराज, खांद्यावर उपरणं.

"घरचाच मानूस दारावर अन् आमीच बाहेर?" प्रमोदिनीबाई कडाडल्या. "आतल्याइले सांगा ना थोडं सरकून घ्याले."

"खुर्च्या बोल्टच्या हायेत वं!"

"मंग फिल्मले नाव काहून ठेवलं तसं?"

भैय्याजी हसले. "राहू दे, प्रमोदिनी. उशीर आपला हाय." आणि ते दाराबाहेरच्या फरशीवर बसले. मग सगळं मंडळ बसलं.

दोन परदेशी फिल्म झाल्या, आणि दारातून ओळखीचा आवाज आला. भैय्याजी स्वतःचाच आवाज कान देऊन ऐकू लागले. आत म्हातारी सरकत असणार, शेळी आली असणार. निरूपण संपलं, महाराजांनी चरण टाकला...

आता कीर्तनात महाराजांनी चरण टाकावा आणि मागच्यांनी तो उचलू नये, असं त्या मंडळात कधी घडलेलं नव्हतं. बुद्धीला कळायच्या आत हाताला कळलं. टाळ वाजले आणि फरशीवर बसलेलं अख्खं कोराडी गायला लागलं: 'जागा द्या हो, जागा द्या!' मुकुंदराव दोन्ही हात हलवत धावले. "अगा चूप! शो चालू हाय!" पण ऐकतो कोण, डोळे मिटलेले होते. चंद्रभानही दाराला पाठ लावून गात होता.

शो संपला. दिग्दर्शकांना मंचावर बोलावलं आणि चंद्रभाननं दार उघडलं, तेव्हा कात्रिनबाईच बोलत होत्या. त्यांचं इंग्रजी कळेल एवढं सावकाश होतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या फिल्ममध्ये शेवटी माझ्या पाठीमागून माणसं जागा मागत होती. मी खरंच वळून पाहिलं. पडद्यावरच्या गोष्टीनं मला इतक्या वर्षांत कधी मागं वळायला लावलं नव्हतं. हे कसं केलंत?"

रितिका गोंधळली. "सभागृहाचा साउंड चांगला असेल," ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर येऊन तिनं फरशीवरचं मंडळ पाहिलं, हातातले टाळ पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"थे तुमी होते?"

प्रमोदिनीबाईच म्हणाल्या, "होतो तर होतो! फिल्ममधीबी आमचाच आवाज, बाहेरबी आमचाच. त्यात खोटं का हाय?"

"खोटं नाही वं," भैय्याजी म्हणाले, "पण बिनातिकीट आत गेला ना आपला आवाज."

मंडळ हसलं. रितिका हसली नाही. "बाबा, ज्युरी आता निकालाले बसून राहिली. तिले तेच तं आवडलं."

मुकुंदरावांना पोर्तुगाल दिसत होतं. ते नेमकं कसं असतं ते त्यांना माहीत नव्हतं, पण तिथं नाणी फिरवायची नव्हती एवढं नक्की. "बेटा, दारावर मी होतो. माह्या दारातून जे आत गेलं ते मले सांगाच लागते. तू काही नको बोलू. मी जातो."

रितिका बराच वेळ टेबलाच्या कडेवरची चिकटपट्टी नखानं उकरत राहिली. "तुमाले इंग्लिश नाही जमत, बाबा," ती शेवटी म्हणाली. "चला. मीच सांगते."

ऐकून कात्रिनबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बाकीचे दोघे हसले नाहीत. नियम सरळ होता: जी फिल्म पाठवली तिचाच निकाल. मंडळाला बागेत पाठवून, दारं लावून ज्युरीनं ती पुन्हा पाहिली. मुकुंदराव बाहेर टेबलाशी बसून होते. या वेळी आतून येणारं ध्रुपद त्यांना एकटं वाटलं.

पहिलं बक्षीस इराणच्या फिल्मला गेलं. रितिकाला काही नाही. निकालाच्या शेवटी कात्रिनबाईंनी तेवढं एक वाचून दाखवलं: "एक फिल्म आम्ही दोनदा पाहिली. पहिल्यांदा पाहिली ती आम्हाला जास्त आवडली. ती अजून बनायची आहे, आणि जिनं ती बनवायची, तिला हे ठाऊक आहे." बेसाला आल्यावर रितिका सरळ तिच्या खोलीत गेली. जेवलीही नाही नीट.

रविवारी सकाळी आयोजकांनी मंडळासाठी वेगळा शो ठेवला. मंडळ इतक्या लवकर आलं की सभागृहाची किल्लीसुद्धा आलेली नव्हती. मुकुंदरावांनी दारात एकेकाचा मोबाइल मशीनला दाखवून सगळ्यांना आत सोडलं. आतून चिमणी बसली तेव्हाचा हशा ऐकू आला, पण ध्रुपदाला कुणी तोंड उघडलं नाही. भैय्याजींनी म्हणे उपरण्याचा बोळा तोंडात धरला होता.

शो संपताच रितिका उठली. तिच्या हातात रेकॉर्डर होता. "आता सगळे बाहेर जाऊन बसा. कालच्यासारखे."

"काहून वं?" प्रमोदिनीबाई उसळल्या. "आता तं टायमात आलो ना आमी!"

"आई, दाराबाहेरूनच पाह्यजे मले. अंदरून थे येत नाही."

कुरकुर करत, हसत, गुडघे धरत मंडळ उठलं. मुकुंदराव दारातून आत आले आणि त्यांनीही टाळ उचलले.

"तुमी नाही, बाबा. तुमी अजून पडद्यावर पाह्यलीच कुठी? बसा."

रितिकानं फिल्म पुन्हा लावायला सांगितली आणि चंद्रभाननं बाहेरून दार ओढलं. रिकाम्या सभागृहात मुकुंदराव मधल्या ओळीत बसले. म्हातारी सरकली, शेळी आली, ट्रक आला, चिमणी वाकली. महाराजांनी चरण टाकला आणि पाठीमागून, बंद दारापलीकडून, अख्खं कोराडी गायला लागलं.

मुकुंदराव वळले नाहीत. त्यांनी टाळ हातात घेतले, उठले आणि एक खुर्ची सरकून बसले.