वीतभर भिंत

ताईने मधल्या भिंतीत तिसरा खिळा ठोकला आणि दोऱ्यांच्या रिळांची फळी टांगली. फळी जरा कलती बसली, ती तिने बोटाने सरळ केली.

तिचा धाकटा भाऊ बाहेरून आला. मागच्या त्याच्या खोल्यांची वाट ताईच्या शिवणाच्या खोलीतूनच जायची. वाटणी झाल्यापासून तो असाच ये-जा करायचा, बूट न काढता, कापडाचे तुकडे तुडवत.

"पडणाऱ्या घरात खिळे कसले ठोकतेस, ताई?"

"खोली पडेल. भिंत पडत नाही."

तो हसला. हसायला त्याचं काय जात होतं! नवा रुंद रस्ता येणार होता आणि भिंतीच्या ताईकडच्या अंगावर लाल पट्टा ओढून झाला होता: रस्ता इथपर्यंत. म्हणजे पुढची ताईची खोली जमीनदोस्त, हातावर जुन्या दराने भरपाई. मागच्या अंधाऱ्या खोल्या मात्र थेट रस्त्यावर, दर गगनाला भिडलेला.

दुसरी वाट होती. आळीने सगळी जागा एकत्र करायची, त्यातून रस्ता काढायचा आणि उरलेल्यातून प्रत्येकाला रस्त्यालगतचा लहान तुकडा परत. त्याला सगळ्यांची संमती लागत होती. सगळ्यांनी दिलीही होती. अडून बसला होता तो हा एकटा. ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती यानेच.

"तुला वाऱ्यावर सोडणार आहे का मी? मागची एक खोली देतो की."

"तुझी खोली नको. मला माझी जागा हवी. रस्त्यालगत, माझ्या नावावर."

"माझं नशीब उघडतंय तर तुझ्या पोटात का दुखतं?"

"माझ्या खोलीवर बुलडोझर फिरवून उघडतंय, म्हणून."

तो भिंतीसमोर हात पसरून मापं घेऊ लागला. "दुकानांची तीन शटर आरामात बसतील. आधी ही भिंत पाडायची."

"कुणाची भिंत?"

त्याचे हात तसेच राहिले.

"वाटणीत काय म्हणाला होतास? भिंत हवी तर तू बांध, तुझ्या जागेत बांध, माझी वीतभरही मिळणार नाही. मामा, काका, सगळे बसले होते. बांधली मी. रस्ता पट्ट्यापाशी संपतो, तुझी जागा भिंतीपलीकडे सुरू होते. मधली वीत माझी."

"म्हणजे मला रस्त्यावर येऊ देणार नाहीस?"

"दार आहे की. येतोस तसा ये."

भावाने भिंतीतल्या दाराकडे पाहिलं. एका माणसापुरतं दार. त्याच्या लग्नातलं कपाट त्यातून सुटं करून न्यावं लागलं होतं.

तो गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला.

"त्या दुसऱ्या पद्धतीत मला किती शटर?"

"दोन. मला एक."

"संमती द्यायचं ऑफिस कधी उघडतं?"

"दहाला. मी येणार आहे बरोबर."

तो उठला. दारापाशी वाकून त्याने बूट काढले आणि हातात धरून आत गेला.

ताईने चौथा खिळा उचलला. पहिल्याच घावाला आतून आवाज आला, "येतो म्हणालो ना! आता कशाला ठोकतेस?"

"तुझी सही होऊ दे," ताई म्हणाली, आणि तिने दुसरा घाव घातला.