एक लेसर झाकून

तेरखेड्यातल्या फटाक्याच्या कारखान्यात वीस वर्षं मी रंगाचा मसाला कालवते. लाल, हिरवा कुणीही काढील. निळा मात्र हट्टी. ताव जरा वाढला की पांढरा पडतो. त्यामुळं माझी लेक सृष्टी पुण्याहून आली आणि म्हणाली, प्रयोगशाळेत तीन वर्षांनी निळा निघाला, तेव्हा मी जेवण सोडून ऐकत बसले.

“डोळ्यांना न दिसणारे दोन लेसर,” ती भाकरी मोडत म्हणाली, “गार करून जागच्या जागी थांबवलेल्या अणूंच्या ढगात सोडायचे. अणू दोघांना मिसळतात आन् तिसराच निळा प्रकाश बाहेर पडतो.”

“म्हंजी तूबी मसालाच कालवतीस की. फक्त थंडीत.”

“व्हय, पण माझं लुगडं जळत न्हाय.”

कॅमेऱ्याला रंग कळत नाही, डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही तो टिपतो; म्हणून निळ्याशिवाय बाकी सगळा प्रकाश अडवणारी काच त्याच्यापुढं बसवली होती, आणि पडद्यावर ठिपका उमटला होता. उद्या दिल्लीच्या सभेत तिचे सर तोच दाखवणार होते. तिची पीएच.डी. त्यावरच होती. ह्यांनी तर एव्हाना दोन आळ्यांत सांगून टाकलं होतं.

आमच्यात नवा मसाला जमला की एकेक जिन्नस वगळून पेटवतात. रंग गेला पाहिजे. नाही गेला, तर तो दुसऱ्याच कशाचा. मी हौसेनंच विचारलं, “मग लेसर झाकला की निळा पार जातो?”

“दोन्ही बंद केले की जातो.”

“दोन्ही न्हाय गं. एकच.”

भाकरीचा तुकडा तिच्या हातातच राहिला. तिनं प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला, मंजुषाला, फोन लावला आणि ताटाशेजारी ठेवला.

“दुसऱ्या लेसरपुढं पुठ्ठा धर.”

“धरला.”

“ठिपका?”

“आहे.”

“नीट बघ.”

“तेवढाच आहे, सृष्टी.” मग यंत्रांच्या घरघरीत काहीतरी काढल्याबसवल्याचा आवाज. “काच बदलली, पुठ्ठाही काढला. आता दोन्ही लेसर चालू असून नाही दिसत. पहिलाच लेसर जुन्या काचेतून झिरपत होता गं. निळा निघालाच नव्हता.”

सृष्टीनं फोन बंद केला.

“आई, तुला शंका आलती?”

“न्हाय गं बाई. तू व्हय म्हणशील म्हणून विचारलं.”

तेवढ्यात हे दारातून म्हणाले, “सृष्टे, सरपंच विचारत्यात, रंगाला नाव काय ठिवणार?”

मी त्यांना हातानंच थांबवलं.

“जेव आधी,” मी म्हणाले. तिनं ताट सरकवलं, उष्ट्या हातानंच नंबर लावला.

“सर, उद्या तो ठिपका दाखवू नका. तो निळा नाहीये.”

“एक लेसर झाकला तरी तो जात नाही, सर.” ती फोन कानाला लावून उभी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.