चार गडव्यांची छागल

मी छागल बोलतेय. पाणी गार ठेवायची कॅनव्हासची पिशवी. वर लाकडी बूच आणि टांगायला दोरी, एवढंच माझं रूप.

माझं कापड मुळात तंबूचं. महायुद्धाच्या वेळी गोंदियाजवळच्या बिरसीच्या विमानतळावर गोरे शिपाई राहत, त्यांच्या तंबूचं ते, असं मला शिवणारा शिंपी सांगायचा. स्वातंत्र्य आलं, गोरे गेले आणि मी गोंदियाच्या बाजारात खुंटीवर कित्येक वर्षं कोरडी लटकत राहिले.

सत्तावन्न साली होळी झाल्यावर फुलचूरच्या रुख्माने मला घेतलं. तिचे सासरे श्यामलालजी यांनी गावच्या लोकांना घेऊन मोटार ठरवली होती. "आपले पूर्वज राजपूत, माळव्यातून आले. तो मुलूख आणि पुढचे राजांचे किल्ले एकदा पाहू, नातवाच्या कपाळी तिथली माती लावू," असं त्यांच्या मनात. नातू लखन दहा महिन्यांचा. रुख्माचं पहिलं लेकरू परगावचं पाणी लागून गेलं होतं, त्यामुळे तिला हा प्रवास नकोच होता. पण सासऱ्यांना नाही कसं म्हणायचं?

रोज सकाळी धर्मशाळेत ती पाणी उकळायची, फडक्याने गाळायची आणि पितळी गडव्याने मोजून चार गडवे माझ्यात ओतायची. ते फक्त लखनचं. ड्रायव्हर छोटेलाल मला खिडकीबाहेर टांगायचा. त्या खिडकीशी देवकाबाई बसायच्या, श्यामलालजींची थोरली विधवा बहीण. रुख्मा त्यांना आत्याबाई म्हणे.

माळवा झाला, चितोड झालं. अजमेर सुटलं आणि झाडं विरळ झाली. वाळू, उंट, डोक्यावर दोन-दोन घागरी घेतलेल्या बाया. जोधपूरचा किल्ला डोंगरावर दिसला तसे श्यामलालजी छाती काढून उभे राहिले.

"पाहा, आपल्या लोकांचं आहे हे!"

"आपला महाल होता त चिखलात धान रोवाले कायले गेलो रे श्याम्या?" देवकाबाई म्हणाल्या. सारी मोटार हसली.

रुख्मा हसली नाही. ती माझ्यातलं पाणी मोजत होती. चारचे तीनच भरले. दुसऱ्या दिवशी अडीच. आणि लखन तर अर्धा गडवाही प्यायला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिला देवकाबाईंचा पदर ओला दिसला.

"आत्याबाई, पदर काऊन ओला आहे तुमचा?"

"छागलीवर पुसला व. पोराच्या टाळूवर ठेवून राहिली मी. किती तापली टाळू त्याची!"

"माह्या लेकराचं पाणी पिऊन राहिल्या तुम्ही!"

सारी मोटार वळून देवकाबाईंकडे पाहू लागली.

"तहान लागली त मागून घेईन पोरी. चोरीन कायले?" एवढं बोलून देवकाबाई उठल्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी कोणाच्याच हातचं पाणी घेतलं नाही.

मला वाचा असती तर! चोर मीच होते. पाणी माझ्या अंगातून झिरपतं आणि वारा ते उडवून नेतो. म्हणून तर उरलेलं गार राहतं. तलावांच्या आमच्या मुलखात हवा दमट, तिथं एवढं पाणी उडत नाही. छोटेलालची मोटारही कधी रायपूरपुढे गेली नव्हती. सांगणार कोण?

जैसलमेर आलं. सोन्यासारखा पिवळा किल्ला, दगडात कोरलेल्या जाळ्या. सगळे पाहायला निघाले.

"चाल सूनबाई, इतक्या दूर आलो," श्यामलालजी म्हणाले.

"तुम्ही जा मामाजी. मी इथंच बसतो."

देवकाबाई तिच्याकडे न पाहता पुढे गेल्या.

मोटार गावाबाहेर थांबली होती. तिथं मेलेल्या राजांच्या आठवणीसाठी बांधलेल्या छत्र्या होत्या, खांबांवर उभे दगडी मंडप. त्यातल्या एकात रुख्माने मला टांगलं. चार गडवे भरले, बुचावर काळा दोरा बांधला, सात गाठी मारल्या. मग लखनला मांडीवर घेऊन माझ्यावर डोळे लावून बसली. समोर एवढा किल्ला, पण तिनं मान वळवली नाही. एक बकरी आली, तिलाही हाकललं. छत्रीतून वारा सारखा वाहत होता.

दोन तासांनी तिनं गाठी मोजल्या. सातही जशाच्या तशा. पाणी मोजलं, तर साडेतीनही भरेना.

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या ओल्या अंगावर तळवा ठेवला, मग तो वाऱ्यात धरला. पाहता पाहता तळवा कोरडा.

"तूच व ते!" ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मंडळी परतली तेव्हा ती गडवा भरून देवकाबाईंसमोर उभी होती.

"लेकराचं आहे व ते पाणी," देवकाबाई म्हणाल्या.

"तुम्ही प्यायल्याबिगर त्याले पाजत नाही मी. चुकली मी, आत्याबाई."

देवकाबाई दोन घोट प्यायल्या. मग पदर माझ्यावर पुसला आणि लखनच्या टाळूवर ठेवला. मोटारीत त्या पुन्हा खिडकीशी बसल्या.

लखन सुखरूप घरी आला. आता त्याला चौथं लागलंय. माझी शिवण उसवली आहे, दोन गडव्यांपुढे पाणी ठरत नाही. यंदा उन्हाळ्यात देवकाबाई तापाने अंथरुणाला खिळल्या आहेत. रुख्मा दर थोड्या वेळाने येते, आपला पदर माझ्यावर पुसते आणि त्यांच्या कपाळावर ठेवते.

माझे फार दिवस राहिले नाहीत. एकच सांगते. घरात पाणी कमी झालेलं दिसलं, तर आधी मला हात लावून पाहा. माणसाच्या पदराकडे मग बघा.