बरणीतला पापलेट

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एकच मासा होता आणि तो पापलेट होता, कारण मी तसं लिहिलं होतं. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी नमुन्यांची पेटी मुंबईहून मलकापूर स्टेशनावर उतरली आणि तिथून एसटीच्या टपावरून बुलढाण्याला आली. वाटेत या बरणीची चिठ्ठी गळून पडली. मी पुस्तकातली चित्रं पाहिली. चपटं, गोलसर अंग, पोटाखाली पर नाहीत. पापलेटच! नव्या चिठ्ठीवर, नमुना ओळखणाऱ्याचं नाव लिहायच्या रिवाजाप्रमाणे, ‘ओळखणार : शेषराव मास्तर’ असंही झोकात लिहून टाकलं. समुद्र मी पाहिला नव्हता, मासा आमच्या घरात कधी शिजला नव्हता, आणि समुद्रापासून इतक्या दूर, बुलढाण्याच्या पठारावर मला अडवणार कोण होतं?

चार वर्षं सुखात गेली. मग वार्षिक परीक्षेत सायरा नावाच्या मुलीने बरणीपुढे बसून लिहिलं, ‘हा पापलेट नाही, हलवा मासा आहे.’ माझं अक्षर समोर असताना! मी भोपळा दिला. त्यापायी ती विज्ञानात नापास झाली.

दुसऱ्याच दिवशी तिची आई शाळेच्या पायरीशी उभी. सुगराबी बाजारात सुकट-बोंबील विकायची. तिच्या दुकानावरून जाताना मी नाकाला रुमाल लावत असे, आणि ते तिने पाहिलेलं होतं.

“मास्तर, पोरगी पास झाली तं शिकू देतो, असं तिचे अब्बा बोलले होते. आता म्हणतात, बस झाली शाळा, दुकानावर बसव. थे रडून राह्यली सकाळपासून. काऊन नापास केलं तिले?”

“मासा ओळखता आला नाही तिला.”

सुगराबी पदर तोंडाला लावून हसली. “माह्या पोरीले? मासा? तुमी बाजारात या, मास्तर.”

मी तणतणतच गेलो. तिने पाटीतून खारवलेला एक मासा काढून माझ्यापुढे धरला.

“रुमाल काढा आधी. हा हलवा. आता शेपटीच्या बुडाशी बोट फिरवा. शेपटीकडून डोक्याकडं. टोचलं?”

टोचलं. खवल्यांची एक कडक, खरखरीत रेघ होती तिथे.

“पापलेटाले हे नसते. हे शेपट्या साफ करता करता माही बोटं सोलली, पोरीची बी सोलली. तिनं काय पुस्तकातून लिवलं?”

शाळेत येऊन मी बरणी उघडली. औषधाच्या वासाने डोळ्यांना धार लागली, पण बोट घातलंच. तीच रेघ. मग जाडं पुस्तक काढलं, आणि या वेळी चित्र सोडून मजकूर वाचला. हलवा दिसायला पापलेटासारखा, पण उबदार समुद्रात राहणाऱ्या जॅक माशांच्या कुळातला. शेपटीच्या देठावरचे ते कडक खवले ही त्या कुळाची खूण. पोटाखालचे पर पिल्लाला असतात, मोठेपणी नाहीसे होतात. मी फसलो तो तिथेच. कधीकधी हा पाण्याच्या वरच्या थरात चक्क कुशीवर होऊन पोहतो. मला त्या माशाचं एकदम प्रेम वाटलं. आणि स्वतःची लाज वाटली, ती मुख्याध्यापकांपुढे निकाल दुरुस्त करून घेईपर्यंत पुरली.

वर्गात मी उभं राहून सांगितलं, “चूक माझी होती. सायरा पास आहे.” जुनी चिठ्ठी खरवडून काढली आणि नवी सायरापुढे ठेवली. “लिही. आणि खाली ओळखणाऱ्याचं नाव. तुझं.”

ती मान खाली घालून बराच वेळ लिहीत राहिली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी सुगराबीला बोलावलं. ती हात पदरात लपवून दारातच थांबली. “वास येईन, मास्तर.”

“येऊ दे. आत या.”

तिला वाचता येत नव्हतं. बरणीभोवती फिरून तिने चिठ्ठी निरखली. “काय लिवलं पोरीनं?”

मी तिचं सोललेलं बोट धरून शेवटच्या ओळीवर ठेवलं आणि सायराने लिहिलं होतं तसंच वाचून दाखवलं, “ओळखणार : सुगराबी.”

तिने बोट उचललं नाही.