बिनतारांची रॅकेट

मी एक जुनी लाकडी रॅकेट आहे. मित्रांनो, मला काचेच्या पेटीत ठेवलं आहे म्हणून मी कुणी मोठी असेन असं समजू नका. या दालनात देशाच्या थोर खेळाडूंच्या वस्तू मांडल्या आहेत. माझ्या डावीकडे एका धावपटूचे फाटके बूट आहेत, उजवीकडे एका मुष्टियोद्ध्याचे हातमोजे. ते बिचारे आपापल्या मालकांसाठी झिजले. माझी गोष्ट निराळी आहे आणि ती ऐकायला गोड नाही. तरी ऐका.

पांढऱ्या चिवट लाकडाच्या सहा पातळ पट्ट्या वाफेवर मऊ केल्या, त्यांना सरस लावला, साच्याभोवती वाकवलं आणि लोखंडी चापात तीन दिवस आवळून ठेवलं. तशी मी झाले. मग जनावराच्या आतड्याचा पिळलेला दोरा माझ्यात ओवला. दिसायला मी देखणी होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मला घेतलं एका तरुण खेळाडूने. चार वर्षं मी त्याच्या हातात होते. तो चांगलाच खेळायचा, पण देशाच्या संघासाठी निवडीचा सामना झाला तेव्हा त्याने शेवटच्या डावात लागोपाठ दोन सर्व्हिस जाळीत मारल्या आणि हरला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय? हरल्याचं खापर त्याने माझ्या डोक्यावर फोडलं, आणि मित्रांनो, खरोखरच फोडलं. जाळीच्या लोखंडी खांबावर त्याने मला तीनदा आपटलं. तारा तटातट तुटल्या आणि माझी मान तडकली. दुसऱ्या दिवशी तो रडला, माझ्या मानेला सरस लावून वर जाड दोरा गुंडाळला. तारांचा ताण मला आता सोसणार नव्हता, म्हणून तारा पुन्हा ओवल्याच नाहीत. तरी त्याने मला फेकलं नाही. त्याचा माझ्यावर जीव आहे असं मला वाटलं. मी मूर्ख होते.

पुढे तो टेनिस शिकवू लागला आणि लोक त्याला मास्तर म्हणू लागले. मास्तरांना दोन मुलं. मोठ्याला, म्हणजे दादाला, खेळाची गोडी नव्हती. तो सायकली खोलून पुन्हा जोडत बसायचा. त्यामुळे मास्तरांच्या सगळ्या आशा धाकटीवर येऊन पडल्या. सहाव्या वर्षी तिला हलकी नवी रॅकेट मिळाली. मी मास्तरांच्या हातात राहिले.

एकदा विमान गेलं म्हणून धाकटीने वर पाहिलं आणि चेंडू सुटला. मास्तर तिच्याजवळ गेले. माझी कड तिच्या गुडघ्यामागे बसली. ती खाली पडली, तेव्हा त्यांनी तिला माझ्याच टोकाने ढोसून उभं केलं.

"चेंडू सोडून आभाळ बघतेस?" एवढंच ते म्हणाले.

बिनतारांच्या रॅकेटचा वळ लंबगोल उठतो. आधी पांढरा, मग लाल, दुसऱ्या दिवशी जांभळा. मला हे नको इतकं ठाऊक आहे. सर्व्हिस चुकली की एक फटका. सामना हरली की मास्तरांचा हात दुखेपर्यंत. एकदा तर ती सामना जिंकली होती, तरी तिला मार बसला, कारण हरलेल्या मुलीकडे बघून ती हसली होती. मार चुकवायला ती हळूहळू शिकली. मी हवेत गेले की तिचा डावा कोपर आपोआप कानावर यायचा. म्हणून मास्तर कोपराखाली मारू लागले. नऊ वर्षांची असताना तिच्या दोन बरगड्यांना माझ्यामुळे तडे गेले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई चटकन म्हणाली, "जिन्यावरून पडली हो. वेंधळीच आहे."

घरी येऊन तिने गरम ओल्या फडक्याने मुलीची पाठ शेकली आणि म्हणाली, "त्यांचं मन वाईट नाही गं. तुझ्या भल्यासाठीच करतात ते."

मी लाकूड आहे, मला काय कळतं, असं म्हणून मला सुटता आलं असतं. मी तसं म्हणणार नाही. हात त्यांचा होता, पण लागत होते ती मीच.

धाकटी जिंकत गेली. आधी गावातली मुलं, मग राज्यातली, मग देशातली. विसाव्या वर्षी तिने परदेशातली मोठी स्पर्धा जिंकली आणि सगळ्या देशाने तिला डोक्यावर घेतलं. मास्तरांना टीव्हीवर बोलावलं. "तिला कसं घडवलंत?" असं निवेदकाने विचारलं, तेव्हा मास्तर मला मांडीवर ठेवून म्हणाले, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते वाक्य शाळांच्या भिंतींवर रंगवलं गेलं.

प्रत्येक सामन्याला मास्तर मला घेऊन पहिल्या रांगेत बसायचे. सर्व्हिस करण्याआधी धाकटी एकदा माझ्याकडे बघायची. समालोचक म्हणायचे, बघा, वडिलांच्या जुन्या रॅकेटचा आशीर्वाद घेते आहे! मी तिचा शुभशकुन आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ती मास्तरांच्या हाताची पकड बघत होती, हे लाखो लोकांत एकालाही दिसलं नाही.

ती पंचवीसची झाली तेव्हा तिच्या नावावर दोन मोठी विजेतेपदं होती. वर्तमानपत्रांत रोज चर्चा चाले. देशाच्या आजवरच्या खेळाडूंत तिचा नंबर कितवा? धावपटूच्या वर की खाली? आणखी एक विजेतेपद मिळालं की पहिला नंबर पक्का, असं जाणकार लिहीत. पण तिची कंबर दुखू लागली होती. फार तर दोन वर्षं खेळू शकाल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मास्तर म्हणाले, "दोन वर्षं पुष्कळ झाली." त्यांच्या डोळ्यांपुढे तो एकच आकडा नाचत होता.

अशात या दालनाने तिला थोरांच्या रांगेत जागा द्यायचं ठरवलं आणि तिच्या बालपणीची वस्तू म्हणून मला मागितलं. पाटी तयार झाली. 'याच रॅकेटने त्या खेळायला शिकल्या.' आणि खाली टाकीच्या घावांचं ते वाक्य. समारंभाला मंत्री आले, पत्रकार आले. समोरच्या रांगेत मास्तर, दादा आणि दादाची सहा वर्षांची मुलगी टिचकी बसली होती. दादाचं सायकलींचं दुकान सकाळी लवकर उघडायचं, म्हणून तो टिचकीला आजोबांकडे सोडून जायचा.

छायाचित्रकार म्हणाला, "मॅडम, रॅकेट जरा उंच धरा ना. सर्व्हिस करताना धरता तशी."

धाकटीने मला उचललं. इतक्या वर्षांत तिने मला कधी हातात घेतलं नव्हतं. तिचा तळवा घामाने थंड होता. तिने मला डोक्यावर नेलं, आणि समोरच्या रांगेत टिचकीचा डावा कोपर कानावर गेला.

मला ठाऊक होतं. आठ महिने झाले होते. धाकटीला त्या क्षणी कळलं.

ती मंचावरून खाली उतरली, टिचकीसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिचा मोजा खाली सरकवला. पोटरीवर दोन लंबगोल होते, एक जांभळा आणि एक पिवळा पडत आलेला.

"कधीपासून गं?"

टिचकी अभिमानाने म्हणाली, "आत्या, मी एकदापण रडले नाही."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं, म्हातारे झालेत," तो पुटपुटला. "आता हात उठणार नाही त्यांचा."

धाकटी उठून मास्तरांकडे वळली. मी तिच्या मुठीत होते. त्या हाताची सर्व्हिस अंगावर आली की धडधाकट माणसं बाजूला होत. मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, लोक बघताहेत. मीच घडवलं ना तुला? टाकीचे घाव..."

"टाकी दगडाला लावतात, बाबा. मला लागत होतं."

तिने मला उगारलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला त्यांच्या डोक्यावर उतरायचंच होतं. मास्तरांनी डोळे मिटले आणि त्यांचा कोपर कानावर गेला. अगदी तसाच, डावा. तो बघून धाकटीच्या तोंडून एक आवाज निघाला, तसा आवाज मार खाताना तिने कधी काढला नव्हता. मग मी सपकन खाली आले ती शेजारच्या रिकाम्या पेटीवर. काच फुटून चहूकडे उडाली. माझी मान जुन्या तड्यावरच मोडली आणि डोकं दोऱ्याला लोंबकळू लागलं. धाकटीच्या मनगटातून रक्त गळत होतं. तशीच ती ध्वनिक्षेपकासमोर गेली.

"या रॅकेटने मी खेळायला शिकले नाही," ती म्हणाली. "या रॅकेटने मला मारलं. आता माझ्या भाचीला मारताहेत."

संचालक धावत आले. "मॅडम, आत्ता नको. देशाच्या मानाचा प्रश्न आहे. समितीने ऐकलं तर तुमची इथली जागासुद्धा..."

"मग माझी जागा काढून घ्या," ती म्हणाली. "रॅकेट ठेवा."

आणि टिचकीला कडेवर घेऊन ती दारातून बाहेर पडली. दादा मागोमाग गेला. त्या दिवसापासून टिचकी आजोबांच्या घरी गेलेली नाही.

मित्रांनो, यापुढे सगळं छान झालं असं मला सांगता येत नाही. पुढची स्पर्धा धाकटी पहिल्याच फेरीत हरली. शुभशकुन मोडला म्हणून हरली, असं लोक म्हणाले. जन्मदात्याची अब्रू वेशीवर टांगली, असंही म्हणाले. तिच्या गाडीवर बाटल्या फेकल्या, एक दगड काच फोडून तिच्या भुवईला लागला. वर्षभरात कंबरेने साथ सोडली आणि तिसरं विजेतेपद राहूनच गेलं. हल्ली तिला कुणी चौथी म्हणतात, कुणी सहावी. मास्तर अजून सांगतात, माझं ऐकलं असतं तर ती पहिली झाली असती. कदाचित झालीही असती.

टिचकी आता नऊ वर्षांची आहे. आत्याबरोबर ती कधीकधी इथे येते आणि माझ्याकडे न बघता धावपटूच्या बुटांसमोर उभी राहते. परवा रखवालदारीण बाईंनी वरचा दिवा पुसायला हात उचलला, तेव्हा टिचकीचा कोपर वर निघाला आणि खांद्यापाशीच थांबला. पूर्वी तो कानापर्यंत जायचा.

समितीने सात महिने वाद घातला आणि अखेर मला मोडक्या मानेसकट इथे ठेवलं. पाटीवरचा मजकूर धाकटीने स्वतः लिहून दिला. 'या रॅकेटने मला मारलं. खेळायला मी दुसऱ्या रॅकेटने शिकले.' पाटी पेटीच्या बाहेर, तुमच्या हाताला येईल इतकी खाली आहे. येणाऱ्यांपैकी कुणाला तरी ती सहन होत नाही. आतापर्यंत तीन वेळा 'मारलं' हा शब्द किल्लीने खरवडून काढला गेला आहे आणि तीन वेळा रखवालदारीण बाईंनी तो पुन्हा लिहिला आहे.

जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना 'आम्हाला जपा' असं सांगतात. मी तसं सांगणार नाही. मला वाळवी लागली तरी चालेल. पण मित्रांनो, इथे आलात आणि तो शब्द खरवडलेला दिसला, तर कुणाला विचारत बसू नका. दप्तरातलं पेन काढा आणि तो पुन्हा गिरवा.