बिनदिव्यांचा बोर्ड

"नातवासाठी घेताय का काका?" काउंटरमागच्या बाईंनी विचारलं.

"नाही. माझ्यासाठी."

बाईंनी हातातली वायर गुंडाळायची थांबवली आणि समोरच्या माणसाकडे नीट पाहिलं. सत्तरीला टेकलेला, उंच, खांद्यांत किंचित वाकलेला. शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेला कागद. गेल्या आठ दिवसांत हे गृहस्थ तिसऱ्यांदा दुकानात आले होते. पहिल्या दोन वेळा नुसतेच काचेतल्या खोक्यांकडे बघून गेले होते.

त्यांनी कागद उलगडून काउंटरवर ठेवला. गेम खेळण्याजोग्या कॉम्प्युटरच्या भागांची यादी होती. प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय, कॅबिनेट, सगळ्यांपुढे नेमकी नावं आणि आकडे. फक्त हे सगळं ज्यावर बसतं त्या मदरबोर्डपुढे लिहिलं होतं, 'दुकानात असेल तो बघून घ्या.'

"यादी कोणी केली?"

"मुलीनं. बाकीचं तिनं मागवून दिलंय, घरी येऊन पडलंय. ग्राफिक कार्ड तिचं जुनं पाठवलं. हे एवढंच माझ्यावर सोडलं."

"मग सोपं आहे," असं म्हणत बाईंनी दोन खोकी काढली. "तुमच्या प्रोसेसरला हे दोन्ही चालतील. हा घ्या. हल्ली सगळे हाच नेतात." खोक्यावरच्या चित्रात बोर्डाच्या कडेने निळे-जांभळे दिवे लागले होते.

"उघडून बघू?"

खरं तर उघडून दाखवायची पद्धत नव्हती. पण तीन खेपा घालणाऱ्या माणसाला नाही म्हणवेना. बाईंनी दोन्ही बोर्ड शेजारीशेजारी ठेवले. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि खाली वाकले. हात मात्र पाठीमागे बांधलेले.

हे काका चौतीस वर्षं एका कारखान्यात क्रेन चालवत होते. शेडच्या छताखाली रुळांवरून सरकणारी क्रेन, तिला टांगलेली पत्र्याची केबिन, आणि त्या केबिनमध्ये हे. सकाळी शिडी चढून जायचे ते जेवायच्या सुट्टीलाच खाली. खालची माणसं त्यांना नावाने हाक मारीतच नसत. 'वरचे' म्हणत. "वरच्यांची मर्जी असेल तर होईल आज काम," असा विनोद रोज कोणीतरी करी आणि रोज कोणीतरी हसे. बोलायचं सगळं हातांनीच. घे, सोड, थांब, जरा डावीकडे. त्यामुळे तोंडाने बोलायची सवय काकांना फारशी लागलीच नाही.

"हे पत्र्याचे ठोकळे कशाला?" त्यांनी विचारलं.

"हीटसिंक. त्यांच्या खाली प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग असतो. जोर पडला की तापतो. ती उष्णता हे ओढून घेतात."

"दिवेवाल्याला एकच आहे. तोही पातळ."

"हो. पण त्याला दिवे आहेत ना!" बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

"म्हणजे भार हा जास्त पेलेल." काकांनी दुसऱ्या, साध्या तपकिरी बोर्डाकडे हनुवटीने खूण केली. "वायरशिवाय इंटरनेट घेतो का हा? माझी खोली आतली आहे."

"घेतो. आणि रॅमला चार जागा आहेत. पुढे वाढवता येईल. खरं सांगू का, मला माझ्यासाठी घ्यायचा असता तर मीही हाच घेतला असता. पण दिसायला अगदीच हा आहे."

"पेटीत बंद करून ठेवायचाय. कोण बघतंय?"

घरी बसवून द्यायला माणूस पाठवू का, असं बाईंनी विचारलं. काका नको म्हणाले आणि खोकं छातीशी धरून बाहेर पडले.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी. दोन महिन्यांपूर्वी. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेलेली, तिथे दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला. ऑपरेशनसाठी ती दहा दिवस येऊन राहिली. औषधाचे थेंब वेळेवर घाली, पेपर वाचून दाखवी. पण थेंब घालून झाले, पेपर संपला की दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसत. तिची आई होती तोवर फोनवरचं सगळं बोलणं तीच करायची. काकांच्या हातात फोन यायचा तो शेवटच्या अर्ध्या मिनिटापुरता. ती गेल्याला सात वर्षं झाली, तरी त्यांचं बोलणं त्या अर्ध्या मिनिटाच्या पुढे सरकलं नव्हतं. जेवलीस? हो. तुम्ही? हो. बरं मग. फोन ठेवला की दोघांनाही सुटल्यासारखं वाटायचं, आणि त्याचंच नंतर वाईट वाटायचं.

त्या मुक्कामात एका रविवारी दुपारी काका डोळ्याला पट्टी लावून पडले होते आणि पलीकडच्या खोलीतून मुलीचा आवाज आला. "डावीकडे घे. अजून. थांब थांब थांब! मागे ये जरा." आणि मग ती खळखळून हसली. असं हसताना त्यांनी तिला शाळेत असताना शेवटचं ऐकलं होतं. त्यांनी चाचपडत उठून विचारलं, "काय चाललंय गं?"

"लॅपटॉपवर खेळतेय बाबा. ट्रकचा गेम आहे. चिखलातून, डोंगरातून माल पोचवायचा. मैत्रिणी आहेत, त्या त्यांच्या घरून खेळतात."

काका दारात उभे राहिले.

"मला जमेल?"

मुलीने कानांवरचा हेडफोन उतरवला. ते थट्टा करतायत का हे तिला कळेना. त्यांनी आयुष्यात कधी कोणाची थट्टा केली नव्हती. "जमेल की. पण तुमच्याकडे कॉम्प्युटर कुठाय?"

तर असा तो बोर्ड घरी आला. काकांनी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली, पुस्तिका उघडली, भिंग घेतलं. दोन दुपारी लागल्या. प्रोसेसर जागेवर ठेवून खटका दाबला. एकेक वायर पुस्तिकेतल्या चित्राशी दोनदा ताडून लावली. मग बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा मात्र काळाच.

सगळं सुटं करून पुन्हा जोडलं. पंखे फिरले. पडदा काळा.

रविवारी मुलीचा फोन आला. "झालं का बाबा?"

"एक स्क्रू कमी पडलाय," काका म्हणाले. मुलीशी ते आजवर कधी खोटं बोलले नव्हते. तेवढं बोलणंच झालं नव्हतं. फोन ठेवल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. एवढ्या महागाच्या भागाचं आपण आपल्या हातांनी वाटोळं केलं, याची त्यांना खात्रीच पटली होती. शिडी चढायला उतरायला लागणारा वेळ वाढला म्हणून साहेबांनी त्यांना एक दिवस बोलावून आता पुरे म्हणून सांगितलं होतं. तेव्हासुद्धा त्यांना इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नव्हतं.

सोमवारी ते सगळी पेटीच मांडीवर घेऊन बसने दुकानात गेले.

"माझ्या हातून बिघडला," त्यांनी काउंटरवर पेटी ठेवता ठेवताच सांगून टाकलं. "बदलून द्या असं म्हणत नाही. फक्त काय चुकलं ते सांगा."

बाईंनी पेटीचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला. वायरी कशा एकीशेजारी एक वळवून बांधल्या होत्या ते बघतच राहिल्या. मग बोर्डावरचा छोटा आकडा वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काका, तुमचं काही चुकलेलं नाही. माझं चुकलं. हा बोर्ड आधीच्या लॉटमधला आहे आणि तुमचा प्रोसेसर त्याच्या नंतर आलेला. बोर्डाला हा कोण तेच ठाऊक नाही, म्हणून गप्प बसलाय. आतला प्रोग्रॅम नवा घातला की ओळखेल. मी तेव्हाच करून द्यायला हवं होतं, विसरले."

"म्हणजे खराब नाही?"

"अजिबात नाही. दहा मिनिटं लागतील. फक्त मध्ये वीज तुटता कामा नये, नाहीतर मात्र खरंच जाईल."

बाईंनी पेनड्राइव्ह लावला, मागचं बारीक बटण दाबून धरलं. एक लाल ठिपका लुकलुकू लागला. काका वळसा घालून भिंतीपाशी गेले आणि प्लगच्या पुढ्यात पाय रोवून उभे राहिले. दुकानात माणसांची ये-जा चालू होती. एकाने त्यांना जरा सरकायला सांगितलं. ते सरकले नाहीत. ठिपका विझेपर्यंत दहा मिनिटं ते तसेच खांबासारखे उभे होते.

मग दुकानातल्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. काकांनी रुमाल काढून मान पुसली.

पुढच्या रविवारी दुपारी चारला काका हेडफोन लावून बसले. सुरुवातीला त्यांनी ट्रक दोनदा नाल्यात घातला आणि एकदा मुलीच्याच ट्रकवर चढवला. ती हसून हसून बेजार झाली. मग एका वळणावर ओंडके पडले होते, ते क्रेनने उचलून ट्रकमध्ये भरायचे होते. मुलीचा ओंडका दर वेळी झोके घेत निसटायचा.

"मी बघू?" काका म्हणाले.

त्यांनी दोर आधी झोक्याच्या दिशेनेच थोडा नेला, मग थांबवला. ओंडका जागच्या जागी स्थिर झाला आणि अलगद खाली टेकला. एकामागून एक सहा.

"बाबा! हे कसं केलंत?"

"झोक्याशी भांडायचं नाही. त्याच्याबरोबर जायचं, म्हणजे तो थांबतो."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्हाला काम करताना मी कधी बघितलंच नव्हतं."

"पोरांना आत सोडत नसत."

मग दर रविवारी चार ते सहा ठरूनच गेलं. तिच्या मैत्रिणी कधी असत, कधी नसत. हात कामात असले की तोंडाला शब्द सापडतात, हे काकांना या वयात कळत होतं. पुढे रस्ता बघता बघता ते तिच्या आईचं सांगत, कारखान्यातलं सांगत. मुलगी लॅबमधल्या गमती सांगे.

पाचव्या रविवारी दोघंच होते. एका लांब पुलावर मुलीचा ट्रक पुढे चालला होता. तो मध्येच थांबला.

"अडकलीस का?"

"नाही. बाबा, एक सांगायचं होतं. मी वेगळी राहते. पाच महिने झाले. एकटीच आहे."

काकांनीही ट्रक थांबवला. पाच महिने. म्हणजे डोळ्याच्या वेळी ती आली तेव्हा सगळं घडून गेलेलं होतं. दहा दिवसांत जावयाचा एकदाही फोन आला नव्हता, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. पट्टी तर एकाच डोळ्यावर होती.

फोनवर असते तर ते 'बरं' म्हणाले असते. त्यांनी तो शब्द ओठांवरून परत गिळला.

"सामान कोणी हलवलं?"

"मीच. एक टेम्पो केला होता."

"कपाट?"

"कपाट तिकडेच राहिलं."

"घरात पाणी येतं वेळेवर? दाराची कडी नीट आहे?"

"आहे हो बाबा." ती हसली आणि त्या हसण्यातच तिला रडू फुटलं. "चिडला नाहीत ना?"

"चिडायचं काय त्यात? मला बोलवायचं होतंस. मी कपाट आणलं असतं."

मग ती घाईघाईने म्हणाली, "मी जरा तोंड धुऊन येते. दोन मिनिटं. जाऊ नका हं."

हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, पण माइक चालूच राहिला. काकांना तिचं घर ऐकू येऊ लागलं. पावलं पाच-सहाच, म्हणजे घर लहान. नळ सुटला, बराच वेळ वाहिला, बंद झाला. एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज. कुठलीतरी खिडकी कुरकुरली. ती नाक शिंकरत होती. काका श्वासाचा आवाजही होऊ न देता बसून राहिले. पाठीत कळ आली तरी खुर्ची करकरेल म्हणून हलले नाहीत. समोर पुलावर दोन ट्रक एकामागे एक उभे होते, दोघांचेही दिवे चालू.

पावलं परत आली.

"आहात का बाबा?"

"आहे की," काका म्हणाले. "बस सावकाश."